ब्लू-रे आणि एव्हीसीएचडी व्हिडिओ एमकेव्हीत नेताना या चुका टाळा

पुढचा सिंहस्थ तोंडावर आला, की नाशकात २०१५च्या कुंभाच्या चित्रणाची, कॅमेऱ्यातली मेमरी कार्डं शोधायची घाई सुरू होते. त्यांच्यावर चित्रण एव्हीसीएचडी या कॅमेऱ्यांच्या पद्धतीत असतं. त्यांच्याबरोबर कपाटातून लग्नाच्या ब्लू-रे डिस्कही निघतात, कारण घरातला प्लेअर कधीच बंद पडलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. मग कुणीतरी सांगतं, ‘एमकेव्ही करून टाक, पाच मिनिटांचं काम आहे.’ काम खरंच पाच-दहा मिनिटांचं आहे. निस्तरायला मात्र नंतर दोन दिवस जातात.

मुळात करायचं एवढंच असतं: एच.२६४ पद्धतीचं चित्र आणि एसी-३ किंवा एलपीसीएम पद्धतीचा आवाज एम२टीएसच्या (कार्डावर एमटीएस) डब्यातून, म्हणजे फाइलीतून, काढून एमकेव्हीच्या डब्यात ठेवायचा. याला रिमक्स म्हणतात. चित्राच्या एका ठिपक्यालाही धक्का लागत नाही. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर उघडून बसलात तर ते रिमक्स नव्हे. ते सॉफ्टवेअर चित्र नव्याने एन्कोड करतंच, ‘जसंच्या तसं’ हा पर्याय त्यात फक्त आवाजाला आहे. ओळखायची खूण सोपी आहे. २० जीबीची फाइल एका हार्डडिस्कवरून दुसरीवर १०० एमबी प्रतिसेकंद वेगाने साडेतीन मिनिटांत जाते, आणि रिमक्सला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पंखा भणभणतोय आणि ‘अजून दोन तास’ दिसतंय, तर थांबवा.

नाव बदलून एम२टीएसचं एमकेव्ही करणं ही चूक म्हणायच्याही लायकीची नाही. व्हीएलसी प्लेअर आतला माल बघून ती फाइल चालवतो, टीव्ही चालवेलच असं नाही. फाइलीची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये उघडली की ‘बीडीएव्ही’ हे एम२टीएसचंच नाव दिसतं.

तुकडे वेगवेगळे फिरवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सविस्तर.

एव्हीसीएचडी कॅमेरा सलग रेकॉर्डिंगही एका फाइलीत ठेवत नाही. मॉडेलप्रमाणे २ किंवा ४ जीबी झाले की नवी फाइल सुरू करतो. २४ एमबीपीएसला (मेगाबिट प्रतिसेकंद) २ जीबी साधारण १२ मिनिटांत भरतात. समजा रामकुंडावर ट्रायपॉड लावून शाही स्नानाचं सव्वा तासाचं सलग चित्रण झालं, तर कार्डावर ०००००.एमटीएसपासून सहा-सात फाइली मिळणार. घाईतला माणूस प्रत्येक फाइल स्वतंत्र फिरवतो आणि मग जोडतो. बघायला बसल्यावर दर बारा मिनिटांनी आखाड्याचं निशाण एकदम पुढे उडी मारतं, आणि शेवटच्या भागात टिपरू आधी पडतं, नगारा मागून वाजतो. खापर कॅमेऱ्यावर फुटतं.

कॅमेऱ्याचा दोष नसतो. त्याने फाइल तोडली ती बाइट मोजून, चित्र बघून नव्हे. पहिल्या फाइलीच्या शेवटी अर्धवट फ्रेम, दुसरीच्या सुरुवातीला तिचा उरलेला भाग. स्वतंत्र उघडली की सॉफ्टवेअर पुढच्या कीफ्रेमपर्यंतचं (आधीच्या फ्रेमशिवाय उघडणाऱ्या पूर्ण चित्रापर्यंतचं) चित्र टाकून देतं, म्हणजे अर्ध्या सेकंदापर्यंत. एसी-३ची फ्रेम मात्र ३२ मिलिसेकंदांचीच, त्यामुळे आवाज लगेच धरला जातो. चित्र जास्त गेलं, आवाज कमी गेला. सहा सांध्यांवर हे साचत गेलं की ओठ आणि शब्द वेगळे पडतात.

रिमक्स करणाऱ्या एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरमध्ये फाइल जोडायचे तीन पर्याय आहेत, आणि नवशिके हमखास चुकीचा दाबतात. ‘अ‍ॅड’ केलं तर सहाही चित्रं एकाच फाइलीत शेजारी-शेजारी बसतात आणि प्लेअर त्यातलं एकच दाखवतो. ‘अपेंड’ म्हणजे एकामागे एक, पण प्रत्येक फाइल स्वतंत्र धरून. आपल्याला हवा तो तिसरा, ‘अ‍ॅडिशनल पार्ट्स’. त्यात सगळे तुकडे एकच लांब फाइल म्हणून वाचले जातात आणि तुटलेली फ्रेम पुन्हा सांधली जाते. विंडोजच्या कॉपी कमांडला बायनरी स्विच देऊन तुकडे आधी चिकटवले तरी परिणाम तोच.

कुठले तुकडे एकाच रेकॉर्डिंगचे, हे वजनावरून कळतं. शेवटचा सोडून सगळे सारख्याच आकाराचे असतात. मध्येच ३०० एमबीची फाइल दिसली, तर तिथे कॅमेरा थांबवला होता. तिच्या पुढची फाइल नव्या रेकॉर्डिंगची, आणि ती जोडायची असेल तर मात्र ‘अपेंड’च.

आणि हो, प्रत्येक कार्डाची मोजणी पुन्हा ०००००पासून सुरू होऊ शकते. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली, विंडोजने ‘रिप्लेस करू का’ विचारलं आणि वाचायच्या आधी ‘हो’ दाबलं, की पहिलं कार्ड गेलं. २९ ऑगस्टची पर्वणी वेगळ्या फोल्डरमध्ये, १३ सप्टेंबरची वेगळ्या. कार्डावरचा फोल्डर आहे तसा अख्खा उचलायचा, आतल्या फाइली निवडत बसायचं नाही.

डिस्कवर सर्वांत मोठी फाइल शोधणं

लग्नाच्या ब्लू-रेत स्ट्रीम फोल्डर उघडून सगळ्यात जड एम२टीएस उचलायची पद्धत आहे. कधी जमतंही. पण मेन्यू बनवताना हळद, सीमांतपूजन, लग्न आणि स्वागतसमारंभ कुठल्या क्रमाने वाजायचे, हे प्लेलिस्ट फोल्डरमधल्या एमपीएलएस फाइलीत लिहिलेलं असतं. फाइलींचे नंबर त्याच क्रमाने असतील याची खात्री नाही. नंबराप्रमाणे जोडणाऱ्याच्या घरी सप्तपदी आधी आणि हळद नंतर लागते. एमकेव्हीटूलनिक्समध्ये एम२टीएसऐवजी एमपीएलएसच टाका. फाइलींचा क्रम आणि चॅप्टर दोन्ही त्यातून येतात. कुठली प्लेलिस्ट खरी, हे कालावधी बघून ठरवा; वीस सेकंदांची असेल ती मेन्यूची.

फाइल लहान झाली म्हणून घाबरणं

२० जीबीची एम२टीएस फिरवली आणि एमकेव्ही १९ जीबीची निघाली, की ‘क्वालिटी गेली’ म्हणून फोन येतो. गेलं ते पॅकिंग. एम२टीएसमध्ये प्रत्येक पॅकेट १९२ बाइटचं असतं, आणि त्यातले निदान ८ बाइट नुसते वेळ आणि पत्ता लिहिण्यात जातात. म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. शिवाय जागा भरायला घातलेली रिकामी पॅकेटं वेगळीच. द्राक्षं पेटीतून काढून तोलली तर वजन कमी भरणारच.

उगाच एमपी४चा हट्ट

मोबाइलवर पाठवायचं असेल तर एमपी४ ठीक. साठवायला नको. ब्लू-रेची चित्ररूप सबटायटल्स त्यात बसत नाहीत आणि एलपीसीएम आवाज बऱ्याच टीव्हींना त्यातून ऐकू येत नाही. वर, एमपी४ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. ९५ टक्क्यांवर लाइट गेली आणि इन्व्हर्टर नसेल, तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्ही निदान तुटली तिथपर्यंत तरी चालते.

फ्रेमरेटच्या रकान्यात काहीही लिहू नका. वेळेचे शिक्के मूळ फाइलीत असतात. २३.९७६च्या जागी ‘नीटनेटकं’ म्हणून २४ भरलं, की दोन तासांच्या शेवटी चित्र आवाजापेक्षा सात सेकंद पुढे जातं. १०८०आय-५० (एक-आड-एक ओळींच्या) चित्रणावर टीव्हीत कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर टीव्हीतलं डीइंटरलेस चालू करा. रिमक्समध्ये त्यावर औषध नाही.

पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडते. एक्सफॅट करा, आधी रिकामा करून.

सबटायटल्स कॉम्प्युटरवर दिसतात आणि टीव्हीवर नाहीत, तर त्या ट्रॅकचं कॉम्प्रेशन ‘नन’ करून पुन्हा फिरवा.

रिमक्स करताना मधलाच भाग काढायचा असेल, तर कट कीफ्रेमवरच पडतो. मंगलाष्टकांतलं ‘सावधान’ कापलं जाऊ नये म्हणून दोन-तीन सेकंद आधीची वेळ द्या.

काम झालं की मूळ प्लेलिस्टचा आणि नव्या फाइलीचा कालावधी ताडून बघा. एका फ्रेमचा फरक चालतो, तीन सेकंदांचा नाही. मग प्रत्येक सांध्याच्या दहा सेकंद आधीपासून, आणि शेवटची पाच मिनिटं हेडफोन लावून ऐका. त्यानंतरच कार्ड फॉरमॅट करा. डिस्क तर टाकूच नका, ती फारतर १२ सेंटीमीटर जागा खाते.