मोपा, अगत्ती, लेह : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

गोव्याहून एखाद्या आडबाजूच्या विमानतळाचे अंतर काढायचे असेल, तर आधी गोव्यातला विमानतळ कोणता हे पाहावे. मुरगाव तालुक्यातील दाबोळी आणि जानेवारी 2023 मध्ये सुरू झालेला पेडणे तालुक्यातील मोपा यांच्यात सरळ रेषेतच सुमारे 40 किलोमीटरांचे अंतर आहे. तिकिटावर ‘जीओआय’ असेल तर दाबोळी आणि ‘जीओएक्स’ असेल तर मोपा. मडगावच्या माणसाने हे अक्षर दोनदा वाचलेले बरे.

आता लक्षद्वीपमधील अगत्तीचे उदाहरण घेऊ. मोपा 15.74 उत्तर अक्षांश आणि 73.86 पूर्व रेखांशावर आहे, तर अगत्ती 10.82 आणि 72.18 वर. अक्षांशांतील फरक 4.92 अंश आहे. एका अंशाला 111 किलोमीटर धरल्यास तो 546 किलोमीटर होतो. रेखांश मात्र ध्रुवांकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून त्यांच्या फरकाला, म्हणजे 1.68 अंशांना, 111 ने आणि शिवाय सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे येथे 0.973 ने, गुणावे लागते. उत्तर 181 किलोमीटर येते. या दोन बाजूंचा काटकोन त्रिकोण मानून कर्ण काढला की सुमारे 575 किलोमीटर हे अंतर मिळते. जवळच्या ठिकाणांसाठी एवढे पुरते. लांबच्या पल्ल्याला पृथ्वीची गोलाई धरणारे हॅवरसाइन सूत्र वापरावे.

वेळेसाठी विमानाचा प्रकार कळायला हवा. अगत्तीची धावपट्टी जेमतेम 1200 मीटरांची असल्याने तेथे एटीआरसारखी पंख्यांची विमाने उतरतात आणि त्यांचा वेग ताशी 500 किलोमीटरांच्या आसपास असतो. त्या हिशेबाने आकाशातला वेळ 1 तास 9 मिनिटे होतो; त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, वळणे आणि उतरणे यांसाठी वीस-पंचवीस मिनिटे मिळवली की दीड तासाचा अंदाज येतो. वेळापत्रकातला आकडाही असाच जमिनीवरची हालचाल धरून दिलेला असतो. सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा मात्र त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक घड्याळानुसार असतात. देशात त्याने फरक पडत नाही, पण दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असल्याने तेथे नुसती वजाबाकी फसवते.

दोन्ही टोके दुर्गम असली की मात्र अंतराचा आकडा फारसा कामाचा राहत नाही. हॅवरसाइनने अगत्ती ते लेह सुमारे 2650 किलोमीटर भरते आणि ताशी 800 च्या जेटने ते चार तासांत संपावे. परंतु जेट अगत्तीला उतरत नाही आणि 3256 मीटर उंचीवरील लेहची विरळ हवा व दुपारचे वारे यांमुळे तेथील विमाने बहुतेक सकाळीच ये-जा करतात. त्यामुळे प्रत्येक टप्पा वेगळा मांडावा, मधल्या थांब्यांचे तास त्यात मिळवावेत आणि दिल्लीतला एक मुक्काम गृहीत धरूनच तारखा ठरवाव्यात. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना हाती येण्यापूर्वी तर हे गणित कागदावरच ठेवावे.