अमेरिकेत कायदा शिकायला येणाऱ्यांसाठी: आधी न्यायालय ओळखा

महाराष्ट्रात एलएलबी करून एलएलएमसाठी (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी) अमेरिकेत येणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, की निकालपत्र वाचायला घेण्याआधी ते राज्याच्या न्यायालयाचे आहे की संघराज्याच्या, हे पाहावे. आपल्याकडे पुण्याचे जिल्हा न्यायालय संसदेचे कायदेही लावते आणि विधिमंडळाचेही, आणि अपिलाची एकच शिडी दिल्लीपर्यंत जाते. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याची शिडी स्वतंत्र आहे. खून, घटस्फोट, घरभाडे, अपघात अशी बहुतांश प्रकरणे तिथेच सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात.

संघराज्याची ९४ जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आणि शेवटी ९ न्यायाधीशांचे सर्वोच्च न्यायालय अशी दुसरी रचना आहे. संघराज्याच्या कायद्याचा प्रश्न असेल, किंवा वादी-प्रतिवादी वेगवेगळ्या राज्यांचे असून दाव्याची रक्कम ७५,००० डॉलरपेक्षा जास्त असेल, तर दावा इथे चालू शकतो.

यातल्या दुसऱ्या प्रकाराशी मी सर्वांत जास्त झगडलो आणि त्यातूनच मला ही व्यवस्था उमगली. पेनसिल्व्हेनियात रुळांकडेच्या पायवाटेने चाललेल्या हॅरी टॉम्पकिन्स यांना मालगाडीतून बाहेर आलेल्या वस्तूचा फटका बसला आणि त्यांचा हात गेला. त्यांनी न्यूयॉर्कमधील संघराज्य न्यायालयात दावा लावला आणि ज्यूरीने त्यांना ३०,००० डॉलर मंजूर केले. परंतु १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशा दाव्यात संघराज्याच्या न्यायाधीशाने आपला वेगळा सर्वसाधारण कायदा (न्यायाधीशांच्या निकालांतून घडलेले नियम) न लावता राज्याचाच कायदा लावला पाहिजे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा अशा पादचाऱ्याला फारसे संरक्षण देत नव्हता, त्यामुळे टॉम्पकिन्स यांच्या हाती अखेर काहीच पडले नाही. हा निकाल मला आजही अस्वस्थ करतो, पण त्यामागचे तत्त्व मला पटते: राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यात अंतिम शब्द त्या राज्याच्या सर्वोच्च पीठाचा असतो.

न्यायालयाच्या नावावर विसंबून राहू नये. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे मुख्यतः दावे चालवणारे न्यायालय आहे आणि सर्वांत वरचे पीठ ‘कोर्ट ऑफ अपील्स’ हे आहे.

संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बहुतेक प्रकरणे हक्काने पोहोचत नाहीत. नऊपैकी किमान चार न्यायाधीशांनी होकार दिला तरच ती ऐकली जातात. आपल्या विशेष अनुमती याचिकेप्रमाणेच (सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जाप्रमाणेच), नुसता नकार म्हणजे खालच्या निकालावर शिक्कामोर्तब नव्हे. त्याच्या न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट संमती देते आणि निवृत्तीचे वय नसते. अनेक राज्यांत मात्र न्यायाधीश मतदारांकडून निवडले जातात.

विषय निवडताना घटनात्मक कायद्याच्या आकर्षणात ‘सिव्हिल प्रोसिजर’ (दिवाणी दावे चालवण्याची कार्यपद्धती) सोडू नये, आणि शक्य असल्यास तो पहिल्याच सत्रात घ्यावा. टिपण काढताना प्रत्येक निकालाच्या वर न्यायालय, त्याची पातळी आणि लावलेला कायदा कोणाचा, हे लिहून ठेवावे.