ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी एसएमपीएसचा स्टिकर वाचा
जुन्या पीसीत नवीन कार्ड टाकणार असाल तर आधी साइड पॅनल उघडून एसएमपीएसवरचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा) स्टिकर नीट बघा, मोठ्ठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते महत्त्वाचं कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः त्याच लाइनवर चालतात. माझ्या जुन्यावर १६ होते, म्हणजे १२ गुणिले १६, फक्त १९२ वॉट! आरटीएक्स ३०६० एकटंच १७० वॉट खातं, गेम लावला की पीसी धाडकन बंद. त्या कार्डला कंपनीच ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, मी म्हणेन चांगल्या ब्रँडचा ६५० घ्या. आणि मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) असेल तर जुन्या केबल नव्याला अजिबात लावू नका, पिनांची जुळणी वेगळी असते, हार्ड डिस्क जळू शकते.