परदेशातील स्वयंसेवेनंतर बोरू पुन्हा हाती घेताना

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील असंख्य शाळांच्या इमारती जमीनदोस्त झाल्या. पुढच्या वर्षी वैशाखात, म्हणजे तिकडे शाळेचे नवे वर्ष सुरू होते तेव्हा, मी तीन महिन्यांसाठी तेथील एका डोंगरावरच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून गेले होते. वर्ग बांबू आणि पत्र्याच्या खोल्यांत भरत. सकाळी संरक्षक भिंतीसाठी दगड वाहायचे आणि दुपारी मुलांना शिकवायचे, असा दिनक्रम होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला परतले, तेव्हा टेबलावर माझे बोरू (टोक कापून केलेल्या सुलेखनाच्या लेखण्या), दौत आणि कागद जसेच्या तसे पडलेले होते आणि पुढचे अकरा दिवस मी त्यांना हात लावू शकले नाही. परदेशात असे काम करून आलेल्या अनेकांचा अनुभव याच वळणाचा असतो, म्हणून सुलेखनाकडे परतण्याचा मला उपयोगी पडलेला क्रम येथे सविस्तर देत आहे.

पहिल्याच दिवशी काही ‘निर्माण’ करायला बसू नये. जिथे मुलांना पुरेशा वह्या नाहीत तिथून येऊन आपण हातकागदावर अक्षरे काढीत बसावे का, हा प्रश्न मनाला टोचतो. तो प्रामाणिक असतो, पण कोऱ्या कागदासमोर बसून त्याचे उत्तर मिळत नाही. त्याऐवजी हत्यारांची डागडुजी हाती घ्यावी, कारण त्या कामाला स्फूर्ती लागत नाही आणि मनाची तयारी होण्याआधी हात कामाला लागतात.

सुरुवात शाईपासून करावी. जलरोधक काळ्या शाईत बहुधा लाख असते आणि ती एकदा वाळली की पाण्यात विरघळत नाही, म्हणून दौतीत खडे झाले असतील किंवा कुबट वास येत असेल तर ती शाई टाकून द्यावी. साध्या शाईचा गाळ तळाशी बसला असेल, तर दौत हळूहळू फिरवून तो पुन्हा मिसळता येतो. बोरूचे टोक वाळून चिरले असेल तर ते थोडा वेळ पाण्यात भिजवावे, धारदार चाकूने जुना भाग उतरवावा, मध्ये बारीक चीर द्यावी आणि शेवटी टोक लाकडी फळीवर टेकवून देवनागरीसाठी हवे तसे तिरके, एकाच दाबात कापावे. दोनदा दाब दिला की कड दातेरी होते आणि तिचा दोष प्रत्येक अक्षरात उमटतो. कापून झाल्यावर बारीक पॉलिश पेपरवर टोक एकदोनदा फिरवले की पुरे.

कागदाकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे लागते, विशेषतः परतण्याची वेळ पावसाळ्यात आली असेल तर. दमट हवेत कागदाची खळ (शाई पसरू न देणारा लेप) निकामी होत जाते आणि शाईच्या रेघेला दोन्ही बाजूंनी केसांसारखे तंतू फुटतात. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ ओढून पाहावी. कड स्वच्छ राहिली तर तो कागद चांगल्या कामासाठी वेगळा ठेवावा, फुटली तर सरावासाठी घ्यावा. कोरडे वर्तमानपत्र मध्ये घालून, वर वजन ठेवून, कागद कपाटात सपाट ठेवले तर उरलेले तरी वाचतात.

यानंतर हात. तीन महिने दगड उचलून माझी मूठ इतकी घट्ट झाली होती की बोरू धरताच त्यावर नको तेवढा दाब पडे आणि चिरेतून शाई ओघळे. अशा वेळी कित्ता गिरवण्याला पर्याय नाही. पहिले चार दिवस केवळ उभ्या, आडव्या आणि तिरक्या रेघा काढाव्यात, मग अर्धगोल घ्यावेत आणि पाचव्या दिवशी ‘व’ घ्यावा. ‘व’ची वाटी जमली की तिच्यातूनच ‘ब’ आणि ‘क’ निघतात, त्यामुळे एका अक्षरावर घेतलेली मेहनत तीन अक्षरांना पुरते. शिरोरेषा ओळ पूर्ण झाल्यावर शेवटी द्यावी, म्हणजे अक्षरांमधले अंतर आधी डोळ्यांना तपासता येते. मनगटात मुंग्या येत असतील तर सराव थांबवावा, आणि आठवड्याभरात त्या कमी झाल्या नाहीत तर डॉक्टरांना दाखवावे.

परभाषेच्या सहवासात अक्षराचे वळणही बदलते, हे मला घरी आल्यावरच कळले. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहितात, पण तेथे फळ्यावर सतत दंडाचा ‘ल’ लिहून माझ्या हातून मराठीतला पाकळीचा ‘ल’ उतरेनासा झाला होता. आणि ‘ळ’ तर नेपाळी वर्णमालेत नाहीच. माझ्या आडनावातला ‘ळ’ फळ्यावर पाहून मुलांनी त्याला ‘पुतली’, म्हणजे फुलपाखरू, असे नाव दिले होते. परतल्यावर या दोन अक्षरांसाठी मी प्रत्येकी एक पूर्ण पान राखून ठेवले. जे वळण बिघडले असेल ते आधी शोधावे आणि त्याचाच सराव करावा. जे शाबूत आहे त्यावर वेळ घालवू नये.

वेळेबाबत माझा आग्रह एवढाच की दिवसाची मुदत लहान असावी, पण ती चुकू नये. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. मी हातातले घड्याळ तसेच पुढे ठेवले आणि सकाळी त्यात सात वाजले की आपले सात वाजेपर्यंतची ती १५ मिनिटे बोरूला दिली.

प्रवासातल्या अनुभवांवर लगेच काम करण्याचा मोह निदान पहिला महिना टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हात बसण्याआधी मोठा विषय घेतला की कामातली सारी उणीव त्या माणसांच्या माथी जाते. टिपणे मात्र ताबडतोब लिहून काढावीत, कारण रोजच्या उच्चारातले शब्द फार लवकर निसटतात. मुलांची छायाचित्रे पाहून त्यांचे चेहरे रेखाटायचे असतील, तर आधी शाळेमार्फत पालकांची परवानगी मागावी. आपण त्यांच्या घरी पाहुणे होतो, याचा विसर पडू देऊ नये.

महिना उलटल्यावर मी तिकडून आणलेला लोकता कागद बाहेर काढला. हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या लोकता नावाच्या झुडपाच्या सालीपासून हा कागद हाताने बनवतात. नेपाळमध्ये सरकारी दस्तऐवजांसाठी तो पूर्वापार वापरात आहे, कारण त्याला कसर सहजी लागत नाही. त्याचे तंतू लांब असल्याने बोरूचे टोक त्यात अडकते आणि बिनखळीच्या कागदावर शाई पसरते. यावर उपाय असा: तांदळाची पातळ पेज फडक्यातून गाळून घ्यावी, रुंद मऊ ब्रशने कागदावर एकाच दिशेने पातळ थर द्यावा, कागद दोरीवर न टांगता सपाट फळीवर सावलीत वाळवावा आणि पूर्ण वाळल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा वाटीच्या बुडाने हलक्या हाताने घोटावा. त्यावर मी पहिल्यांदा लिहिला तो ‘ळ’, तळहाताएवढा मोठा, आणि शाई वाळल्यावर तो शाळेच्या पत्त्यावर पाठवून दिला.