डोळ्यात औषधाचे थेंब घालताना या चुका टाळा

थेंब नियमित घालूनही फरक पडत नसेल, तर औषधाला नावं ठेवण्याआधी ते डोळ्यात टिकतं का, ते पाहा. पुष्कळदा ते गालावर ओघळतं, नाहीतर नाकात उतरतं.

नेहमीची चूक म्हणजे एकाऐवजी दोन-तीन थेंब घालणं. खालच्या पापणीआडच्या खोबणीत जेमतेम 30 मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. लगोलग घातलेला दुसरा थेंब स्वतः तर वाया जातोच, पहिल्यालाही धुऊन नेतो. थेंब बाहेर पडला अशी खात्री असेल तरच पुन्हा घाला. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान 5 मिनिटं जाऊ द्या. मलम सगळ्यांत शेवटी.

थेंब पडला की आपण पटापट डोळे मिचकावतो. तेही नको, कारण प्रत्येक उघडझापीबरोबर औषध अश्रुनलिकेतून नाकाकडे ओढलं जातं. घशाशी कडू चव येते ती त्यामुळेच. डोळा हलकेच मिटा, घट्ट आवळू नका, आणि नाकालगतच्या कोपऱ्यावर बोटाने 2 मिनिटं दाबून धरा. काचबिंदूसाठी टिमोलॉल घालणाऱ्यांनी तर हे चुकवूच नये. ते नाकाच्या अस्तरातून रक्तात गेलं तर नाडी मंदावू शकते, दमा उसळू शकतो. म्हणून दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर तो डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आधीच सांगा.

हात थरथरतो, नेम चुकतो? आडवे पडा, डोळा मिटा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडा. घाबरणाऱ्या लहान मुलांसाठीही हीच युक्ती उत्तम.

बाटलीचं टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका, जंतू आत शिरतात. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून 4 आठवड्यांत टाकून द्यायच्या असतात, छापील मुदत पुढची असली तरी. उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहा. ‘हलवून वापरा’ असं लिहिलेलं औषध न हलवता घातलं, तर खरा भाग तळाशीच राहतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा आणि थेंबांनंतर 15 मिनिटांनीच पुन्हा घाला.

सगळ्यांत घातक चूक मात्र वेगळीच आहे: डोळा लाल झाला की घरात उरलेले जुने थेंब घालणं. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली लगेच उतरते आणि तिथेच माणूस फसतो. लाली नागिणीच्या किंवा हर्पिसच्या विषाणूमुळे असेल, तर स्टिरॉइडने बुबुळावरची जखम चिघळते. महिनोन् महिने वापरलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. हा दाब बहुधा दुखत नाही, त्यामुळे नजर कमी होईपर्यंत कळतही नाही. नावात ‘डेक्सामेथासोन’, ‘प्रेडनिसोलोन’ किंवा ‘बीटामेथासोन’ दिसलं तर ते स्टिरॉइड समजा आणि स्वतःच्या मनाने घालू नका. बरेच दिवस घालत असाल तर ते एकदम थांबवूही नका. डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांचा दाब मोजून घ्या आणि ते कसं कमी करायचं ते विचारा. लालीबरोबर तीव्र दुखणं, अंधूक दिसणं किंवा उजेड सहन न होणं असेल, तर त्याच दिवशी जा.