कल्पनाबंध वाचताना आणि वापरताना या चुका टाळा

कथेत, चित्रपटात किंवा चित्रात एखादी वस्तू, रंग, आवाज वा कृती पुन्हा पुन्हा येते आणि तिच्या येण्यातून कलाकृतीचा आशय हळूहळू उलगडू लागतो, तेव्हा तिला आपण कल्पनाबंध किंवा सरळ मोटिफ म्हणतो. गोव्यातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची रसग्रहणे, दरवर्षी इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत लिहिली जाणारी परीक्षणे आणि कथास्पर्धांसाठी येणारे नवे लेखन वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. पुनरावृत्ती बहुतेकांच्या लक्षात येते. पण पुनरावृत्तीत झालेला बदल फार थोडे जण पाहतात, आणि कल्पनाबंधाचा सगळा अर्थ तर त्या बदलात असतो. पुढच्या बहुतेक चुका या एका दुर्लक्षातून निघतात.

ठरीव अर्थ चिकटवणे

पाऊस म्हणजे विरह, आरसा म्हणजे आत्मशोध, पिंजरा म्हणजे पारतंत्र्य, अशी एक यादी मनात ठेवून वाचले की कलाकृती बोलायच्या आधीच आपण तिचे उत्तर लिहून मोकळे होतो. गोव्याचाच पाऊस घ्या. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवर पडणारा पाऊस आणि २४ जूनला सांजांवाच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या दिवशी विहिरीत उड्या घेणाऱ्या पोरांच्या अंगावर पडणारा पाऊस एकाच महिन्यातला असला, तरी कथेत तो एकच काम करणार नाही. कोणत्या पात्राने तो कोणत्या प्रसंगी अनुभवला, त्याआधी तो कुठे आला होता आणि नंतर कुठे येतो, हे पाहिल्याशिवाय त्याला अर्थ देता येत नाही.

सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीतील आगगाडी हे याचे फार सुंदर उदाहरण आहे. तिच्याविषयी ‘आगगाडी हे आधुनिकतेचे प्रतीक आहे’ एवढे वाक्य लिहून अनेक लेख थांबतात. ‘पथेर पांचाली’त (१९५५) लहान अपू आणि त्याची बहीण दुर्गा काश गवताच्या पांढऱ्या फुलांतून धावत जातात आणि त्यांना आगगाडी दिसते, तिथे ती केवळ दूरच्या जगाविषयीचे कुतूहल आहे. ‘अपराजितो’मध्ये (१९५६) हीच गाडी अपूला शिक्षणासाठी कलकत्त्याला नेते आणि गावी एकट्या राहिलेल्या आईच्या वाट्याला मुलाची वाट पाहणे येते. ‘अपूर संसार’मध्ये (१९५९) तरुण अपूची खोली रुळांलगत आहे, इंजिनांचा धूर आणि शिट्ट्या त्याच्या संसारात शिरतात आणि पत्नीच्या मृत्यूनंतर तो जीव द्यायला त्याच रुळांजवळ जाऊन उभा राहतो. ज्या गाडीने लहानपणी जग उघडले, तिनेच माणसे दूर नेली आणि शेवटी मरणही समोर आणले. मोठे होण्याची किंमत काय, हा त्रयीचा प्रश्न गाडीच्या या प्रवासातून आपल्यापर्यंत पोहोचतो. ‘आधुनिकता’ हा शब्द त्यातला जेमतेम पहिला टप्पा सांगतो.

नुसती मोजदाद करणे

एखादी प्रतिमा किती वेळा आली, हे मोजणे उपयोगाचे असते. मात्र ते तयारीचे काम आहे, निष्कर्ष नव्हे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये रक्ताचा उल्लेख जागोजाग आहे, हे सगळेच लिहितात. त्याऐवजी तीन जागा शेजारी ठेवून पाहाव्यात. नाटकाच्या दुसऱ्याच प्रवेशात रक्ताने माखलेला सैनिक येतो आणि ते रक्त शौर्याचे असते. राजाचा खून केल्यावर मॅकबेथला सारा समुद्रही आपले हात धुवायला पुरणार नाही असे वाटते, तर त्याची पत्नी थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल असे म्हणते. पाचव्या अंकात मात्र तीच झोपेत चालत येऊन हातावर नसलेला डाग चोळत राहते. रक्त अंगावरून मनात गेले आणि धीर देणाऱ्या व्यक्तीलाच त्याने गाठले, एवढे दाखवले की अपराधभावाविषयी वेगळे विधान करायची गरज फारशी उरत नाही.

याच्याशी जोडलेली आणखी एक चूक म्हणजे कल्पनाबंधालाच आशयसूत्र, म्हणजे कलाकृतीचा मध्यवर्ती विचार, समजणे. ‘या नाटकाचे आशयसूत्र रक्त आहे’ असे लिहिता येत नाही. आशयसूत्र पूर्ण वाक्यात किंवा प्रश्नात मांडता आले पाहिजे.

संकेत, नक्षी आणि कल्पनाबंध यांची गल्लत

चित्रांविषयी लिहिताना ही गल्लत सर्वाधिक होते. गोव्यातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रकला दिसते. पांढऱ्या गिलाव्यावर दिलेला लाल मातीचा थर कोरून, खालचा पांढरा भाग उघडा पाडून ती केली जाते. तिच्या किनारीत तेच फूल ओळीने येत असेल, तर ती आधी नक्षी असते, आणि प्रत्येक पाकळीतून तत्त्वज्ञान काढण्याचा मोह आवरलेला बरा. सतराव्या शतकातील डच स्थिरचित्रांत, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रांत, कवटी, विझती मेणबत्ती आणि वाळूचे घड्याळ दिसते, तो त्या काळच्या प्रेक्षकाला ठाऊक असलेला मर्त्यतेचा संकेत होता. त्याचे श्रेय एकट्या चित्रकाराला देता येत नाही.

संकेत मोडला जातो, तिथे मात्र थांबून पाहावे. गोव्यात जन्मलेले आणि शांतिनिकेतनात शिकलेले अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी येशूची आई मारिया हिला साडीत रंगवले, आणि एकदा नव्हे, चित्रामागून चित्रात. युरोपीय परंपरेतील निळ्या वस्त्राचा संकेत माहीत असेल, तरच या साडीचे मोल कळते. एकाच चित्रात ती वेशभूषा राहिली असती. आयुष्यभराच्या कामात ती श्रद्धा आणि माती यांच्या नात्याविषयीची ठाम भूमिका बनते. पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये त्यांच्या चित्रांचा संग्रह आहे, आणि ही चित्रे एकेकटी न पाहता शेजारी शेजारी पाहावीत, असा माझा आग्रह आहे.

‘कलावंताच्या मनात तसे नव्हतेच’

अतिवाचनाच्या, म्हणजे नसलेला अर्थ काढण्याच्या भीतीने काही जण उलट टोकाला जातात. ‘द गॉडफादर’मधील (१९७२) संत्री अंधाऱ्या दृश्यांना रंगाचा उठाव देण्यासाठी वापरली होती, असे सांगितले जाते, आणि ते मान्य करायला हरकत नाही. तरीही माफिया कुटुंबाचा प्रमुख व्हिटो संत्री विकत घेत असताना त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात, आणि नातवाशी खेळताना तोंडात संत्र्याची साल धरल्यानंतर थोड्याच वेळात तो मरणाला सामोरा जातो. हेतू कोणताही असो, या दोन जागा प्रेक्षकाच्या मनात जोडल्या जातात. शंका आली की ती वस्तू काढून दुसरी ठेवून पाहावी. प्रसंगांमधला धागा तुटत असेल, तर वाचन टिकते; काहीच बिघडत नसेल, तर ते सोडून द्यावे.

लिहिणाऱ्यांच्या चुका

नव्या लेखकाची सर्वांत मोठी चूक म्हणजे पात्राच्या तोंडून कल्पनाबंधाचा अर्थ वदवणे. ‘फँड्री’त (२०१३) जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे फिरतो, शेवटी तो ज्या आवेगाने दगड भिरकावतो, तो थेट आपल्या, म्हणजे प्रेक्षकांच्या दिशेने येतो. नेम धरणारा हात तोच असतो, लक्ष्य बदललेले असते, आणि कोणीही त्यावर भाष्य करत नाही.

समजा, तुमच्या कथेत जुने गोवे ते दिवाड बेट ही फेरीबोट आहे. पहिल्या प्रसंगात मुलगा आईचा हात धरून चढतो आणि पुढचा रॅम्प धक्क्यावर आपटल्याच्या आवाजाने दचकतो. मध्यंतरी नोकरीहून परतताना त्याची शेवटची फेरी चुकते आणि पलीकडचे दिवे दिसत असूनही घरी जाता येत नाही. शेवटी आजारी आईला घेऊन तो निघतो आणि आता तो आवाज होताच ती त्याचा हात धरते. अनेक संहितांत याच जागी ‘आयुष्यही असेच पैलतीर गाठत असते’ असे वाक्य येते. ते खोडावे. आणि शेवटचा प्रसंग तरीही उभा राहत नसेल, तर दुरुस्ती शेवटात करू नये. पहिल्या प्रसंगात रॅम्पचा तो आवाज आणि मुलाचे दचकणे पुरेसे ठळक लिहिले आहे का, ते आधी तपासावे.