जुनी जड झूम लेन्स आणि सोयाबीनची थैली

८०-२०० एमएमची जुनी जड झूम लेन्स सव्वा किलोच्या पुढे जाऊ शकते. ती अॅडॉप्टर लावून फुजीच्या जीएफएक्स या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चढवली की सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यावर, येतो आणि फोटो हलतो. पऱ्हाटीच्या वावरात, भुसभुशीत काळ्या मातीत ट्रायपॉडचे पायही रुततात. म्हणून लेन्स टेकवायला सोयाबीनची थैली शिवा.

१. जुन्या जीन्सचा पाय टोंगळ्यापर्यंत कापा, एक तोंड शिवा. दोनेक किलो सोयाबीन भरा, पण गच्च नको. पाऊण भरलेली थैलीच लेन्सला नीट धरते. दुसरं तोंडही शिवून टाका.

२. थैली बंडीवर किंवा धुऱ्यावरच्या दगडावर ठेवा. तिच्यावर लेन्स टेकवा, कॅमेरा नाही. झूमची रिंग मोकळी राहू द्या.

३. लेन्स खाली झुकवल्यावर झूम आपोआप सरकत असेल, तर सायकलच्या ट्यूबचं रुंद कडं रिंगच्या सांध्यावर चढवा.

४. दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेऱ्यातच स्टॅबिलायझेशन (हलणं सावरायची सोय) असेल तर फोकल लेंग्थ, म्हणजे झूम ८० ते २०० मध्ये जिथे असेल तो आकडा, मेनूत हाताने भरा आणि झूम बदलला की तीही बदला. हे हमखास विसरतं.

लेन्स लहान सेन्सरसाठी बनलेली असल्याने फोटोचे कोपरे काळे आले तर कॅमेऱ्यात ३५ एमएम फॉरमॅट मोड निवडा; तो सेन्सरचा फक्त मधला भाग वापरतो.

उचलताना मात्र नेहमी लेन्सला धरा. कॅमेऱ्याला धरून लेन्स लोंबकळली की माउंट ढिला होऊ शकतो.